बिनवाऱ्याचा रविवार

मुंबई,
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू जो हसलास तो अजून कानात वाजतोय. "बारा तास समुद्रावर होतास आणि खांदेरीला पोचलाही नाहीस? अरे, तेवढ्यात माणूस नागपूरहून मुंबईला येतो!" खरंय बाबा. गेटवेवरून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याला लागते हेही तू ऐकवलंस. पण मला सांगायचं होतं ते वेगळंच, आणि तुझ्या मागे मिक्सर चालू होता. म्हणून हे पत्र. निवांत वाच. यात तुझे आजोबा आहेत.

गेल्या रविवारी माघ वद्य सप्तमी होती. शनिवारी रात्री लेक मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघत होती. मी म्हटलं, "बघू नकोस, मीच सांगतो. तिथीची पाऊणपट. सात पाऊण सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती पुरी, साडेअकराला पुरी ओहोटी, संध्याकाळी पावणेसहाला परत भरती." तिनं मोबाईलमध्ये डोकं घातलं, मग माझ्याकडे पाहिलं. फरक होता, पण किरकोळ. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग, एवढाच त्यातला हिशेब. आजोबांना तो पाढ्यासारखा पाठ होता. मी मास्तरांचा मुलगा असून मला पाऊणकी येत नाही म्हणून ते किती हसले होते, आठवतं?

बेत सोपा होता. उतरत्या पाण्याबरोबर सकाळी बंदराबाहेर पडायचं, दुपारी खांदेरी बेटाला वळसा घालायचा आणि चढत्या पाण्याबरोबर घरी यायचं. सरळ रेषेत जायला तेरा सागरी मैल, यायला तेरा. बोट बावीस फुटी, मीच विकत घेतलेली, माझ्या हाती येण्याआधी दोघांकडे राबलेली. नाव ठेवलंय पाकोळी. माणसं तीन: मी, लेक आणि जावई. जावई पहिल्यांदाच शिडाच्या बोटीवर. लेक मात्र आठव्या वर्षापासून ऑप्टिमिस्ट नावाच्या त्या टबाएवढ्या होडीत शिकलेली, त्यामुळे सुकाणू बहुतेक वेळ तिच्याच हातात. मी कप्तान फक्त खर्चापुरता.

पावणेसातला अपोलो बंदरासमोरून दोर सोडले. अजून उजाडायचं होतं. अर्धा चंद्र माथ्यावर आणि पाणी शिशासारखं. ईशान्येकडून मतलई वाहत होती. शाळेत आपण 'खारे वारे, मतलई वारे' घोकलं होतं, पण मतलईला वास असतो हे पुस्तकात नव्हतं. उरणच्या बाजूनं चिखल, सुकी मासळी, जळलेला पालापाचोळा असा सगळा वास घेऊन ती येते. रात्रभर जमीन थंड होत गेलेली, समुद्र त्या मानानं उबदार, म्हणून जमिनीवरची हवा खाली उतरून पाण्याकडे सरकते. उन्हं वर आली की तिचा जीव संपतो. जमीन तापते, हवा वर चढते आणि मग समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला किनाऱ्याकडे धावते, तो खारा वारा. हे दोन पाहुणे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एक गेला की दुसरा यायच्या आधी मधे जी पोकळी राहते, तिच्यात आम्ही त्या दिवशी सापडलो.

पण सुरुवात झकास झाली. वारा मागून, पाणी मागून. संक रॉकचं दीपगृह गेलं, उजवीकडे कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्जचं दीपगृह दिसायला लागलं. जावई म्हणाला, "वारा पडला वाटतं, मला लागतच नाहीये." वाऱ्याबरोबर त्याच दिशेनं जात असलास की तसंच होतं. वारा सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल, आपण तीन, म्हणजे अंगाला लागतो तीनच. उकडायला लागतं, शीड मरगळतं. म्हणून लेकीनं सरळ न जाता बोट थोडी तिरकी घातली, मग थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला तिरकी. वाट लांबते, पण शिडाला वारा लागत राहतो आणि अखेर लवकर पोचतोस. जावयाला हे काही पटलं नाही. तो आयटीतला आहे.

मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडताना न्हावाशेव्याकडून एक कंटेनरवालं निघालं होतं, उभी इमारतच. मोकळ्या पाण्यात इंजिनवाल्यानं शिडाच्या बोटीला वाट द्यायची असा नियम आहे, पण अशा अरुंद मार्गात तो चालत नाही. तिथं आपणच त्याच्या आड यायचं नसतं. आम्ही मुकाट्यानं थांबलो. ते गेलं आणि त्याच्या लाटांनी आम्हाला असं काही घुसळलं की शिडात होता नव्हता तो वारा झटकून टाकला. आडवं लाकूड इकडून तिकडे आपटायला लागलं. जावई तेव्हा जो हिरवा पडला तो दुपारपर्यंत तसाच.

साडेनऊच्या सुमारास वारा विरळ झाला. 'पडला' म्हणणार नाही, कारण पडायचंही त्याचं नक्की नव्हतं. एक झुळूक पूर्वेकडून यायची, आम्ही शीड तिच्यासाठी लावेपर्यंत ती गेलेली असायची. मग एक दक्षिणेकडून. मग काहीच नाही. मग थेट समोरून गालावर एक फुंकर, चिडवल्यासारखी. पावणेदहाला पाण्यावर एक सुरकुती उरली नाही. डावीकडे सासवण्या-किहीमची झाडी, मागे कनकेश्वराचा डोंगर, समोर खांदेरी आणि उंदेरी धुरकट हवेत तरंगत असल्यासारख्या. पाच मैल असतील. मोबाईल वेग दाखवत होता ०.४ नॉट, आणि तोही ओहोटीचा.

आता तू म्हणशील, मशीन नव्हतं का? होतं. चार हॉर्सपॉवरचं, मागे टांगलेलं. पण निघतानाच मी बढाई मारून बसलो होतो की आज मशीन सुरू करायचं नाही. साठी उलटल्यावर माणसानं असले पण करू नयेत, पण केला.

अशा वेळी शिडाच्या बोटीवर काम नसतं असं लोकांना वाटतं. उलट आहे. शिडाचा पोटाकडचा दोर सैल करून त्याला जरा फुगीर करायचं. तिघांनीही ज्या बाजूला शीड आहे त्याच बाजूला जाऊन बसायचं, म्हणजे बोट तिकडे कलते आणि कापड आपल्याच वजनानं लोंबून आकार धरतं, मग एवढीशी झुळूकही वाया जात नाही. सुकाणू बोटांच्या टोकांनी धरायचं. आणि हलायचं नाही. मी चहाच्या थर्मासकडे हात नेला तर लेक कुजबुजली, "बाबा, हलू नका!" देवळात असल्यासारखी. मग तिनं पिशवीतून उदबत्ती काढली. मी म्हटलं, आता पूजा का? तर ती डोलकाठीच्या खाली खोचून लावली. धूर कुठं झुकतो ते बघायला. गालाला जे कळत नाही ते धुराला कळतं. अर्धा तास आम्ही तिघं त्या धुराच्या रेघेकडे टक लावून बसलो होतो आणि ती सरळ वर जात होती.

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की काहीतरी बंद झालंय. सकाळपासून किनाऱ्यावरून कुठल्याशा हळदीचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता. लग्नसराई आहे, गाणं संपलं की दुसरं सुरू. तो आता नव्हता. वाटलं, नाश्त्याला थांबले असतील. ते तेवढ्यावर सोडलं. पण हे ध्यानात ठेव.

त्या शांततेत समोर खांदेरी बघत बसलो होतो, आणि १६७९ साल डोळ्यांपुढे आलं. इतिहासात वाचताना मला एक कोडं पडायचं. महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी त्या बेटावर माणसं आणि सामान घेऊन उतरला, तट बांधायला लागला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं पाठवून बेट वेढलं. जहाजं मोठी, तोफा भारी. तरी रात्रीच्या अंधारात आपल्या होड्या सामान पोचवतच राहिल्या आणि तट वाढतच राहिला. कसं काय? पुस्तकात 'चपळ होड्या' एवढंच असायचं. चपळ म्हणजे काय ते रविवारी कळलं. मोठं जहाज असल्या हवेत ओंडका असतं. शिडं लोंबतायत, पाणी नेईल तिकडे तोंड. आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून वल्ही मारत चाळीस-पन्नास होड्या निघाल्या तर त्यांना वाऱ्याची परवानगी कशाला हवी? १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालचं मराठ्यांचं आरमार तसंच वल्हवत आलं. इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही, आणि त्यांचं 'डव्ह' नावाचं गुराब जातीचं जहाज आपल्या हाती लागलं. त्यांचं दुसरं जहाज 'रिव्हेंज' मात्र लढून निभावलं. ऑक्टोबरची हवाही अशीच, पाऊस संपलेला, वाऱ्याचं काही खरं नाही. तो महिना निवडणारी माणसं तुझ्या आजोबांसारखीच कुणाची तरी आजोबा असणार.

मी हे सगळं जावयाला रंगवून सांगत होतो, आणि म्हणूनच माझं पाण्याकडे लक्ष नव्हतं. ओहोटी आम्हाला हळूहळू डोलजाळ्यांच्या, म्हणजे वाहत्या पाण्यात बांधून ठेवलेल्या मासळीच्या जाळ्यांच्या, खुंटांकडे नेत होती. पांढरे डबे तरंगताना लेकीला दिसले, तिनं सुकाणू वळवलंही, पण बोटीला वेगच नसेल तर सुकाणू नुसती फळी. खालून एक मऊ धक्का बसला आणि पाकोळी जागच्या जागी फिरली. बोटीच्या पोटाखालचं पातं जाळ्याच्या दोरात अडकलं होतं. आता मशीन सुरू करणं म्हणजे पंखात दोर गुंडाळून घेणं. बढाई आपोआप पाळली गेली.

अर्ध्या तासानं एक होडी आली. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, माझ्याच वयाचा, डोक्याला टॉवेल. मला वाटलं आता शिव्या मिळणार, आणि त्या मिळायलाही हव्या होत्या. पण त्यानं आधी लेकीकडे बघून विचारलं, "ताय, बोट कोन चालवतं? तू का?" ती हो म्हणाली, तर म्हणाला, "मंग बरोबर हाय. हे बाबा नुस्तं बोलतान." लांब बांबू घेऊन त्यानं दोर खाली दाबला, त्याच्या पोरानं आमच्या बोटीचं पुढचं टोक ढकललं, आणि सुटलो. जाळ्याचं काही नुकसान झालं असेल तर द्यायला मी पाकीट काढलं, तर हात झटकून म्हणाला, "भांग हाय. भांगाला कसली मासली? जालं नुस्तं पान्यात हाय." खरंच की. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, आणि डोलीचं जाळं तर पाण्याच्या ओढीवरच भरतं. उधाणाच्या दिवसांत त्याला बोलायलाही सवड नसती. आम्ही भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली. त्यानं चटणी चाखली, तोंड वाकडं केलं, आणि पोराला सांगून तळहाताएवढे सात-आठ ओले बोंबील आमच्या बादलीत टाकले. मी विचारलं, वारा कधी येईल? आकाशाकडे न बघताच म्हणाला, "येल. एक वाजंल. पयला आला तरी त्याच्यावर जाव नको. खोटा असतं तो."

तो गेला आणि पुन्हा शांतता. बारा वाजले. उन्हानं डोकं भणाणलेलं, आणि ओहोटी संपून पाणी उलटं फिरायला लागलेलं, म्हणजे आता आम्ही खांदेरीपासून मागे सरकत होतो. मी आडवा झालो आणि डोळे मिटून घेतले.

आणि गड्या, तेव्हा ऐकू आलं. पश्चिमेकडून, अगदी बारीक, घुंऽऽ असा एकसुरी आवाज. प्राँग्जच्या बाहेरच्या बाजूला बंदरात यायची वाट बघत जहाजं नांगरून पडलेली असतात ना, त्यांच्यातल्या कुणाचं तरी जनरेटर. सकाळपासून ती जहाजं तिथंच होती. मग आताच का ऐकू यावीत? मी उठून बसलो. उदबत्तीचा धूर सरळ. गालाला काही नाही. पाणी आरसा. तसाच बसून राहिलो. आवाज वाढत गेला. दहा मिनिटांनी धुराची रेघ पूर्वेकडे वाकली, आणि आणखी थोड्या वेळानं वायव्येला पाण्यावर एक काळसर पट्टा दिसला, कुणी पाटीवरून ओला बोळा फिरवावा तसा.

वारा आवाज घेऊन येतो रे. जिकडून हवा सरकते तिकडचं आधी ऐकू येतं. सकाळी मतलई होती तोवर किनाऱ्यावरची हळद ऐकू येत होती. ती मेली तेव्हा गाणं 'थांबलं'. ते थांबलं नव्हतंच!

आता सातवीतला तो दिवस आठव. तुझ्या आजोबांच्या होडीतून आपण वेताळाच्या दर्शनाला खांदेरीला निघालो होतो. गावात मशीनच्या होड्या आल्या होत्या, पण आजोबांची शिडाचीच. थळपासून मैलभर गेलो आणि वारा मेला. शीड परमणावरून, म्हणजे ते ज्याला बांधतात त्या आडव्या लाकडावरून, धुतलेल्या धोतरासारखं लोंबत होतं. आजोबा मागे सुकाण्याला टेकून डोळे मिटून बसले. आपल्याला वाटलं, झोपले म्हातारबा. तू कंटाळून बादली वाजवायला लागलास, मी गाणं म्हणायला. आणि ते डोळे न उघडता म्हणाले, "गप ऱ्हावा. ऐकू द्या." आपण एकमेकांकडे बघून किती हसलो. ऐकायला आहे काय इथं? मग एकदम उठून त्यांनी दामण, म्हणजे शीड आवरून धरणारी दोरी, सोडली, काकांना परमण फिरवायला सांगितलं, आणि सगळं होऊन ते खाली बसले तेव्हा वारा आला. तू म्हणालास, "आज्याला नशिबानं जमतं." पन्नास वर्षं मी तेच मानून होतो.

पुढची हकीकत थोडक्यात. पहिला वारा खरंच खोटा निघाला. वीस मिनिटं धावडवून सोडून गेला. दुसरा पश्चिमेकडून आला, तोही थबकला. दोनच्या सुमाराला मात्र वायव्येचा नीट बसला, दहा नॉटच्या आसपास, आणि पाकोळी पाणी कापायला लागली. जावयाचा रंग परत आला, त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या. तीन वाजता खांदेरी दीडेक मैलावर होती. दीपगृहाचा मनोरा, काळा तट, तटाला फुटणारं पाणी सगळं स्वच्छ दिसत होतं. गेल्या वर्षी जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत ही आहे म्हणून जावयाला फोटो हवाच होता. लेक म्हणाली, "बाबा, इथून फिरूया." मला वळसा घालायचाच होता. ती म्हणाली, खारा वारा संध्याकाळकडे उत्तरेला सरकत जातो. आत्ता घरची वाट वाऱ्याला आडवी आहे, पाचनंतर तोंडावर येईल. मी घड्याळ बघितलं, खांदेरी बघितली, आणि गप्प बसलो. फिरलो.

तिचं बरोबर होतं. पाचला वारा उत्तरेकडे कलायला लागला आणि शेवटचे चार मैल नागमोडी काढावे लागले, एकदा कुलाब्याकडे तोंड, एकदा करंज्याकडे. चढतं पाणी मागून ढकलत होतं म्हणून निभावलं. भरती संपल्यावरचं शेवटचं अर्धा मैल तर जीव काढणारं. ताजच्या घुमटामागे दिवे लागले, शेवटची लाँच सीगलांचा घोळका मागे घेऊन निघून गेली, आणि सात वाजता अंधारात आम्ही आमचा दोर पकडला. बोंबील रात्री अकराला तळले.

आता मुद्द्याचं. तू त्यांचा नातू. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा त्यांच्याबरोबर होडीत बसलायस. ते डोळे मिटून नक्की काय ऐकत होते, ते तुला कधी त्यांनी सांगितलं का? का मी साठीत आपल्या मनचं काहीतरी जुळवतोय? थळला किनाऱ्यावर लाटांचा खडखडाट असतो, उंदेरीच्या खडकांवर वेगळा, त्यातलं कुठलं आधी येतं हेच ते तपासत असतील का? काका अजून आहेत, त्यांना विचारून कळव. आणि घरच्या माळ्यावर आजोबांची ती लाकडी कप्पी होती, शिडाच्या दोराची, ती कुणी जाळली नाही ना?

फाल्गुनात शुद्ध सप्तमीच्या सुमारास पाणी परत असंच आहे. सुट्टी टाक. तुला उलटी होते ते माहीत आहे, आलं आणि लिंबू मी आणतो. बादली मात्र वाजवायची नाही.

तुझाच,
खर्चापुरता कप्तान